केबिनमधला डबा

"तिले विचारू नको बापा, ते बोलत नाई. कॉम्प्युटरलेच विचार, तो तरी एरर देते."

खिडकीपलीकडे चाळणीवाले काका कुणाला तरी सांगत होते. खिडकी उघडी होती आणि मी तिला लागूनच बसले होते. जी बोलत नाही तिला ऐकूही येत नसावं, असं त्यांना वाटत असणार. माझ्या शेजारी वजनकाट्याच्या पावत्या लावत बसलेली ताई हसली, मग माझ्याकडे बघून तिनं ते हसू खोकल्यात ढकललं. मी मान वर केली नाही. स्क्रीनवर सकाळी नऊपासून एकच ओळ होती. डेटाबेसशी संपर्क झाला नाही, कनेक्शन नाकारलं गेलं.

आमची कंपनी म्हणजे अनसिंगच्या अलीकडे, रस्त्याला लागून, शेतकऱ्यांनी मिळून उभी केलेली. एक गोदाम, एक वजनकाटा, सोयाबीन साफ करायची एक मोठी चाळणी आणि ऑफिसच्या दोन खोल्या. मी वाशिमहून रोज शेअर ऑटोनं यायची. हंगाम सुरू झाला की चाळणीपुढे ट्रॉल्यांची रांग लागते. माती, काडीकचरा, फुटका दाणा निघून गेला की मालाला बरा भाव येतो, म्हणून प्रत्येकाला आपला नंबर आधी हवा असतो. पूर्वी हे नंबर वहीत लिहीत. वहीत दोन ओळींच्या मध्ये नेहमीच थोडी जागा असते, आणि त्या जागेत दर वर्षी कुणाचं तरी नाव बसायचं. मग भांडणं. ती नकोत म्हणून मला घेतलं होतं. मी नंबर लावायचं वेब ॲप्लिकेशन तयार केलं. मोबाईलवर लिंक उघडा, नाव टाका, नंबर घ्या. ज्याला जमत नाही त्याच्यासाठी ताई काउंटरवरून टाकते. एकदा पडलेला नंबर बदलत नाही. तो बदलायचं बटण असावं असं अध्यक्ष मला दोनदा म्हणाले होते. दोन्ही वेळा मी "बघते" म्हणाले आणि बटण केलं नाही.

दसऱ्याआधी लोकांनी नंबर लावले, पहिले चार जण उरकले आणि सुट्टी लागली. आता सुट्टीनंतरचा पहिला दिवस होता. आभाळ भरून आलेलं होतं आणि आवारात माल घेऊन सगळेच आले होते. कुणाचा कितवा नंबर, हे फक्त डेटाबेसला ठाऊक होतं. मी यादी छापून ठेवली नव्हती, कारण अध्यक्ष म्हणाले होते, आता कागद कायले पायजे. आणि रोज जी दुसरी प्रत निघायची ती त्याच मशीनमध्ये पडायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या सकाळी तर मुळीच नाही.

अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणतात. ते माझ्या आधीच येऊन केबिनमध्ये बसले होते. दहाच्या सुमारास काउंटरवर आले, माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघितलं आणि ताईला म्हणाले, "बारापर्यंत पाहू. नाई झालं तं वही काढ. आन् एकडाव वही काढली तं मंग हंगामभर वहीच राहू दे. सारखं सारखं बदलणं बरं नाई दिसत."

मला ते काही म्हणाले नाहीत. त्यांना तशी गरज नव्हती. वही आली की मी कशाला?

वेब ॲप्लिकेशनला डेटाबेसपर्यंत जायला चारपाच गोष्टी सांगून ठेवाव्या लागतात. कुठल्या पत्त्यावर जायचं, तिथलं कितव्या क्रमांकाचं दार वाजवायचं, नाव काय सांगायचं, पासवर्ड कोणता आणि आत गेल्यावर कोणती पेटी उघडायची. एका फाईलमध्ये या पाच ओळी असतात. त्यातलं एक अक्षर जरी चुकलं तरी संपलं. मी ती फाईल उघडून बसले होते. पाचही ओळी होत्या तशाच होत्या. सुट्टीआधी चालणाऱ्या, आणि मी हात न लावलेल्या.

आता आमच्याकडची एक खासियत सांगायला हवी. वेब पानं काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये होती आणि डेटाबेस अध्यक्षांच्या केबिनमध्ये. दोन्ही एकाच मशीनमध्ये ठेवता आलं असतं, मी तसंच ठेवलं होतं. पण डेटा म्हणजे कंपनीची किमती वस्तू आहे हे कळल्यावर भाऊंनी ठरवलं की तो काउंटरवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताशी नको. जे किमती ते कुलपातल्या खोलीत. मग एक जुना डबा केबिनमध्ये टेबलाखाली ठेवला गेला, आणि डेटाबेस त्यात. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, नुसता डबा. भिंतीला भोक पाडून वायर राउटरपर्यंत आणली. मी तेव्हाही "हो" म्हणाले होते.

एक साधी आज्ञा असते, एखाद्या पत्त्याला हाक मारून बघायची. तिथे कुणी असेल तर उत्तर येतं. मी हाक मारली, उत्तर आलं. पुन्हा मारली, पुन्हा आलं. म्हणजे डबा चालू होता, वायर शाबूत होती, आणि तरीही दार वाजवलं की नकार. याचा अर्थ, मी ठरवलं, दोष आतल्या कुलपात आहे. पासवर्ड बदलून बघितला. दाराचा क्रमांक बदलून बघितला. नावामागचं एक चिन्ह काढलं, परत घातलं. प्रत्येक वेळी फाईल जतन करायची, पान उघडायचं, आणि तीच ओळ वाचायची. इंटरनेटवर माझ्यासारख्याच लोकांनी विचारलेले प्रश्न होते, आणि खाली कुणीतरी मोठ्या आत्मविश्वासानं लिहिलेलं, हे करा, होईल. ते केलं. झालं नाही.

"ताई, केबिनमधल्या डब्याला कुणी हात लावला होता का?" मी एकदा हळूच विचारलं.

"कोण लावीन वं? केबिनले तं कुलूप असते." तिनं खिडकीतून काकांना हाक मारली. "काका, डब्ब्याले हात लावला का तुमी?"

"मी कायले लावू? मले चाळणीतून फुरसत नाई."

"पाय. कोणीच नाई लावला."

खरं तर उठून केबिनमध्ये जायचं, डब्याला स्क्रीन जोडायचा आणि आत काय चाललंय ते डोळ्यांनी बघायचं, हे पहिल्या पंधरा मिनिटांत करायला हवं होतं. मी ते केलं नाही. केबिनच्या दारातून मी एकदा डोकावले. टेबलाभोवती पाच जण बसले होते, चहा आलेला होता, कुणीतरी मोठ्यानं निवडणुकीबद्दल सांगत होतं. टेबलाखाली, दोन माणसांच्या पायांमधून, डब्याचा हिरवा दिवा दिसला. पाच पुरुषांना उठवायचं, त्यांच्या खुर्च्या सरकवायच्या आणि त्यांच्या पायाशी बसून काम करायचं. दिवा दिसला ना, म्हणजे चालू आहे, असं मी स्वतःला सांगितलं आणि परत आले. हे लिहितानाही मला स्वतःचा राग येतो.

शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे, आणि केनवडला आजोळी इंग्रजी शब्द तोंडातून गेला की मामेभाऊ दिवसभर त्याची नक्कल करायचे. मी मधला मार्ग काढला होता. तो असा की कमीत कमी बोलायचं आणि जास्तीत जास्त स्वतः करायचं. कॉम्प्युटरचं काम मला आवडलं त्यात याचाही वाटा होता. पण असली कामं एकटीनं होत नाहीत हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

साडेअकराला खिडकीत एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची असेल. ओचा खोचलेला, हाताला कडब्याचा वास. मालवाहू ऑटोत तिचं सोयाबीन होतं, वर निळी ताडपत्री बांधलेली. ऑटोवाला भाड्याचा होता आणि दर पाच मिनिटांनी हॉर्न देत होता.

"माय, माया सात नंबर आहे. या ताईनंच टाकला होता. आता पाच लागन ना? मंग सहा, मंग सात."

"सात मायाच आहे," मागून डोक्याला गमछा बांधलेला एक जण म्हणाला. "मी मोबाईलवरून टाकला. मले सात आला."

"मोबाईलमधी दाखव मंग."

"मोबाईलमधी उघडून राह्यलं असतं तं तुले दाखवलंच असतं. ह्या मॅडमनं बंद करून ठेवलं."

बाई माझ्याकडे बघत राहिली. "खरं काय ते तुले दिसत असन ना?"

मला काहीच दिसत नव्हतं. मी म्हणाले, "बघते."

"बघते, बघते," गमछावाला म्हणाला. "सकाळपासून टीव्ही बघावा तसं बघून राह्यली."

आवारात हशा झाला. ताईसुद्धा हसली, या वेळी खोकली नाही.

बाराला पाच मिनिटं असताना भाऊ केबिनमधून निघाले आणि मोटारसायकल काढून घरी जेवायला गेले. जाताना ताईला फक्त मान हलवून इशारा केला. ताईनं कपाटातून वही काढली. लाल पुठ्ठ्याची, मागच्या वर्षीचीच, अर्धी कोरी. ती उघडून तिनं पेन शोधला. आणि मी, काही सुचत नव्हतं म्हणून, पुन्हा एकदा पान उघडलं.

पान फिरत राहिलं. बराच वेळ. मग वेगळीच ओळ आली. वेळ संपली, उत्तर मिळालं नाही.

मी दचकले. तीन तास नकार येत होता, आता कुणी उत्तरच देत नव्हतं. हाक मारून बघितली. त्या पत्त्यावर शांतता. मला वाटलं, माझ्याच शेवटच्या बदलानं काहीतरी मोडलं. तो बदल मागे घेतला. शांतता. त्याच्या आधीचाही मागे घेतला. तरी तेच. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं आणि ते येऊ नये म्हणून मी कीबोर्डच्या फटीत अडकलेली झेंडूची पाकळी नखानं काढत बसले. ती सकाळपासून तिथे होती. स्क्रीनच्या कोपऱ्यावर हळदीकुंकवाचं बोटही होतं. दर दसऱ्याला असतं, मी नेहमी ते तसंच राहू देते.

तोवर वहीत पहिलं नाव पडलं होतं. ते भाऊंच्या साडूचं होतं. त्यांची ट्रॉली आवारात सगळ्यांत शेवटी आली होती. ते स्वतः खिडकीशी आले, "लिव ताई," म्हणाले, आणि ताईनं लिहिलं. निळ्या ताडपत्रीवाल्या बाईनं हे बघितलं. ती ऑटोवाल्याकडे गेली आणि त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत राहिली, बहुधा अजून थोडं थांब म्हणून.

साडेबाराला मोटारसायकलचा आवाज आला. भाऊ आले. ते माझ्या खिडकीवरून गेले, खिशात त्यांचा मोबाईल वाजत होता. मी सवयीनं पान उघडलं.

कनेक्शन नाकारलं गेलं.

मी या वेळी कशालाच हात लावला नव्हता. काहीही बदललं नव्हतं. मग बदललं काय? भाऊ गेले आणि शांतता झाली, भाऊ आले आणि नकार सुरू झाला.

आमचा राउटर, म्हणजे भिंतीवरची ती पेटी जी सगळ्यांना इंटरनेट वाटते, तीच पत्तेही वाटते. आवारात आलेल्या प्रत्येक मशीनला, प्रत्येक मोबाईललाही, एक पत्ता. एखादं मशीन फार वेळ बंद राहिलं तर त्याचा पत्ता दुसऱ्याला मिळू शकतो. म्हणजे जो पत्ता माझ्या फाईलमध्ये होता तो आता भाऊंच्या मोबाईलकडे होता. हाकेला उत्तर देत होता तो मोबाईल. नकार देत होता तोही मोबाईल, कारण मोबाईलमध्ये डेटाबेस कुठून असणार? तीन तास मी अध्यक्षांच्या खिशाचं दार वाजवत होते.

पण तसं व्हायला डबा बंद पडलेला हवा. आणि तो कधीच बंद नसतो.

मी ताईकडे वळले. "ताई, सुट्टीत केबिनमधला डबा बंद होता का? लाईट वगैरे गेली होती का जास्त वेळ?"

"लाईट नाई गेली. बंद म्हणजे, पूजेले काढला होता ना."

"पूजेला?"

"खंडेनवमीले. काटा तं जागचा हलत नाई, पण बाकी सगळं काढलं. मोटर, पाने, पेचकस, डब्बा. पुसूनपासून अंगणात पाटावर मांडलं. मंग पूजा झालेल्या अवजाराकडून दसऱ्याले काम कोण करून घेते? आराम देला त्याले दोन रोज. काल भाऊनं सोता आणून ठेवला जागेवर. वायरी काढाच्या आधी मोबाईलमधी फोटो घेतला होता त्याइनं. निळी वायर निळ्या जागी, काळी काळ्या जागी. काईच चुकलं नाई."

"पण मी सकाळी विचारलं होतं. कुणी हात लावला का म्हणून."

ताईनं माझ्याकडे बघितलं, जसं एखाद्या लहान मुलीकडे बघावं. "हात कुठं लावला वं? पूजा केली."

ती खोटं बोलत नव्हती. काकाही सकाळी खोटं बोलले नव्हते. हात लावणं म्हणजे उगाच छेडछाड करणं, बिघडवणं. पूजा म्हणजे त्याच्या उलट. डब्याला जितक्या काळजीनं त्यांनी उचललं असेल तितक्या काळजीनं मी त्याला कधी उचललं नव्हतं.

"आधी सांगायचं ना," मी म्हणाले.

ताई पावत्यांची गड्डी टेबलावर ठोकून सरळ करत राहिली. "सांगतलं असतं. पण तुमी लोक ते नसान करत, तुमी तं नागपूरले गेल्ते. म्हटलं, हिले कायले पूजेचं सांगा. उगीच वाईट वाटन."

आम्ही दसऱ्याला नागपूरला जातो, दीक्षाभूमीवर. माझ्या आजोबांच्या वडिलांपासून जातो. ऑफिसात सगळ्यांना ते माहीत आहे आणि कुणी त्यावर कधी बोलत नाही. मीही पूजेवर बोलत नाही. सकाळी ती पाकळी मला दिसली होती, हळदीकुंकू दिसलं होतं, आणि तेव्हाच मी विचारू शकले असते की केबिनमधल्या डब्याचीही पूजा झाली का, कशी झाली, कुठे झाली. विचारलं नाही, कारण माझ्या तोंडून पूजेबद्दलचा प्रश्न कसा ऐकू जाईल याची मला धास्ती होती. तिनं माझं मन सांभाळलं, मी तिचं. त्या सांभाळण्यात सगळी सकाळ गेली आणि वहीत चार नावं पडली.

आणि चूक माझीही होतीच. डब्याला त्याचा पत्ता राउटरमध्ये कायमचा बांधून द्यायला हवा होता. त्याला राउटरचा पासवर्ड लागतो, तो इंटरनेटवाल्याकडे होता, आणि त्याला फोन करायचं मी उन्हाळ्यापासून पुढे ढकलत होते. फोनवर बोलणं मला समोरासमोर बोलण्यापेक्षाही जड जातं. त्या दुपारी लावला. तीनदा लावला. त्यानं उचलला नाही.

मग दुसरा उपाय उरला नाही. काउंटरवरचा जादा स्क्रीन मी वायरीसकट उचलला, कीबोर्ड काखेत घेतला आणि केबिनच्या दारात जाऊन उभी राहिले. आत आता सहा जण होते. साडू सगळ्यांत आतल्या खुर्चीवर, डब्याच्या अगदी पुढे, पाय लांब करून बसलेले.

"जरा," मी म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. कुणीतरी ओलाव्याबद्दल सांगत होतं की व्यापाऱ्याचं यंत्र नेहमी जास्तच दाखवतं. मी स्क्रीन छातीशी धरून उभी. दंडाला रग लागली. एकदा भाऊंची नजर माझ्यावर पडली आणि, मी कुणाची तरी वाट बघत असावी तशी, पुढे सरकली.

"उठा ना बापा!" मागून ताईचा आवाज आला. "पोरगी कवाची पेटारा घेऊन उभी आहे, दिसून नाई राह्यलं का? आन् तुमचे पाय घ्या तिकडं, डब्ब्यावर ठेवता का आता?"

ते उठले. हसत, चहाचे कप सांभाळत, पण उठले. मी टेबलाखाली बसले. डब्याच्या कपाळावर हळदीकुंकवाची पाच बोटं आणि सुकलेला झेंडू. तो न पाडता मला मागची वायर जोडायला बराच प्रयत्न करावा लागला. स्क्रीन लागला. दोन शब्दांची आज्ञा दिली आणि डब्याचा नवा पत्ता समोर आला. आधीच्या पत्त्यात शेवटी पाच होता. आता बारा.

मी काउंटरवर परत धावत गेले. खरंच धावले. फाईलमध्ये पाचचा बारा केला, जतन केली, पान उघडलं.

प्रवेश नाकारला. पासवर्ड चुकीचा.

मग कळलं. सकाळपासून मी पासवर्ड चार वेळा बदलून बघितला होता आणि मूळचा कुठेही उतरवून ठेवला नव्हता. तेव्हा वाटलं होतं, तो चुकीचाच आहे. इतकी चीड मला आयुष्यात कुणाची आली नसेल जितकी त्या क्षणी स्वतःची आली. पत्ता सापडला, दार सापडलं, आणि किल्ली मी स्वतःच्या हातानं टाकून दिली होती. नशीब एवढंच की फाईल सकाळपासून बंद केली नव्हती. मी मागे जायच्या दोन कळा दाबायला लागले. एकेक दाबीला माझा एकेक मूर्खपणा उलटा निघत गेला. दाराचा क्रमांक परत आला, चिन्ह गेलं, चिन्ह आलं, चौथा पासवर्ड गेला, तिसरा, दुसरा. सगळ्यांत मागे, नऊ वाजताच्या फाईलवर पोहोचले. तिथे पुन्हा पाचचा बारा केला. बाकी काही नाही.

पान उघडलं. यादी आली. एकाखाली एक, क्रमांक, नाव, गाव. सुट्टीआधी होती तशीच.

मला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. एका आकड्यासाठी चार तास. मी यादी छापायला दिली आणि प्रिंटर घरघरत असताना खिडकीतून बघितलं. साडूंची ट्रॉली चाळणीला लागलेली होती. काकांनी चाळणीचा पट्टा चालू केला होता, आणि ट्रॉलीवर उभा असलेला माणूस पहिल्या पोत्याचं तोंड सोडत होता.

भाऊ काउंटरवर आले. "झालं का? वा. म्हटलं नव्हतं, पोरगी हुशार आहे?" हे त्यांनी आधी कधी म्हटलं नव्हतं. "आता असं कर. ही एक ट्रॉली लागलेलीच आहे, ते होऊन जाऊ दे. अर्ध्या घंट्याचं काम आहे. मंग तुया यादीनं चालू करू, पाच नंबरपासून. वहीतलेही बाकीचे मधात कुठं बसतेत ते पाय."

माझी जीभ नेहमीच्या शब्दावर आली होती. बघते. तो म्हटला असता तर यादी माझ्या हातात राहिली असती आणि चालली वहीच असती. नोकरीही बहुधा राहिली असती. यादी छापायची, आणि वहीतल्या लोकांना तिच्यात बसवून द्यायची, अशी नोकरी.

मी कागद घेतला आणि बाहेर पायरीवर आले. लोक जमले. निळ्या ताडपत्रीवाली बाई सगळ्यांत पुढे. मी आधी तिचं नाव शोधलं, कारण तिनं मला विचारलं होतं.

"तुमचा नऊ आहे," मी तिला म्हणाले.

"नऊ? सात होता वं माय."

मी कागद तिच्यापुढे धरला. तिला वाचता येत होतं. तिनं बोट ठेवून आपलं नाव वाचलं, मग त्याच्या बाजूचा आकडा, मग पुन्हा नाव. सातवर गमछावाल्याचंच नाव होतं.

"सकाळपासून काय सांगून राह्यलो मी?" तो म्हणाला. पण यादीत नाव बघितल्यावर त्याचा आवाज उतरला होता.

बाई माझ्याकडे अशी बघत होती जशी मीच तिचे दोन नंबर खाल्ले. तिच्या मागे ऑटोवाल्यानं हॉर्न दिला. तिला काही बरं सांगावं असं वाटलं, पण नऊ म्हणजे नऊ. आणि तिच्या पुढे, जिला नंबरच नाही ती ट्रॉली उभी होती, आणि पहिलं पोतं कलायला लागलं होतं. ती वळून त्या पोत्याकडे बघायला लागली. मग गमछावालाही. मग सगळेच. आणि नंतर, एकेक करून, माझ्या हातातल्या कागदाकडे.

भाऊ दारात, माझ्या मागे. त्यांच्या मागे साडू, हातात चहाचा कप. मी मागे वळले. घरी बोलते तशीच बोलले, आणि चाळणीच्या आवाजावरून ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"भाऊ, ते ट्रॉली मागं घ्याले सांगा. यादीत नाव नाई त्याइचं. पाच नंबर कोण आहे? पुढं या."